मानेवरचे चिमूटभर केस

माझ्या सुईला गाव जेवढं भ्यालं नाही तेवढं माझ्या कात्रीला भ्यालं. देवीची लस टोचायला गेले की पोरं झाडावर चढून बसायची, पण आया तरी हसत हसत खाली ओढायच्या. त्या साली मात्र मी पिशवीतून कात्री काढली आणि आयाच पोरींना घरात घालून कडी लावायला लागल्या. मी इतकी वर्षं नर्सबाई म्हणून नोकरी केली, पण चोर आल्यासारखी वागणूक मला त्याच एका हंगामात मिळाली.

मी मूळची कारंज्याची. बाप जिनिंगमध्ये रुईचे बोजे उचलायचा, आणि पोरगी नर्स झाली म्हणून त्याने मोहल्लाभर पेढे वाटले होते. माझं उपकेंद्र मंगरूळपीर तालुक्यात, आसेगावच्याही पुढे. वाशीम तेव्हा जिल्हा झालेलं नव्हतं, आमचा सगळा कारभार अकोल्याला. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावात अजून त्या घरच्या लेकीसुनांचं येणंजाणं आहे.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर खाऊन वाढलेल्या पोरी वयात यायला लागल्या होत्या. म्हणजे यायला हव्या होत्या, आणि बऱ्याच येत नव्हत्या. नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरीणबाई याच गोष्टीचा अभ्यास करत होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, खादीची साडी, एस.टी.च्या टपावरून स्वतःची पेटी स्वतः उतरवून घ्यायच्या. त्यांना वयात येणाऱ्या पोरींचे केस हवे होते.

केस कशाला, असं मीही विचारलं. त्यांनी सांगितलं ते आमच्या भाषेत असं. माणूस खातो, पण खाल्लेलं अंगी लागतंच असं नाही. ते अंगी लागायला लोह, जस्त, तांबं असलं काहीबाही अगदी चिमूट चिमूट लागतं. भाजीत मीठ असतं तसं. ते नसलं तर पोरगी खाते पण वाढत नाही, तिचं न्हाण लांबतं, जखम भरत नाही. पुस्तकात याला चयापचय म्हणतात, मी आपली ‘अंगी लागणं’ म्हणते. रक्त आज काय आहे ते सांगतं. केस मात्र वाढता वाढता मागच्या महिन्यांचं थोडं थोडं साठवत जातो. म्हणून केस मानेवरचे, अगदी मुळाजवळून, चिमूटभर घ्यायचे. तेल लावलेले नकोत. कागदाच्या पुडीत बांधायचे, वर नाव घालायचं. काम एवढंसं.

हल्ली केस पाठवा आणि शरीराचं सगळं भविष्य जाणून घ्या अशा जाहिराती येतात. माझा नातू मला दाखवतो. मी त्याला म्हणते, बाबा, तुझी आजी त्यातली जुनी खेळाडू आहे. केस बोलतात, पण बिचारे अर्धवट बोलतात. मुसलमान मोहल्ल्यातल्या पोरी मला बघून स्वतः पुढे आल्या होत्या, आणि केस छान दिसावेत म्हणून आधी मेंदी लावून. मेंदीने तपासणी बिघडते, म्हणून सगळ्यांच्या पुड्या बाजूला ठेवाव्या लागल्या. एका गल्लीतल्या पोरींच्या केसांत तांबंच तांबं निघालं. मग कळलं, अंघोळीचं पाणी तांब्याच्या हंड्यात तापायचं. आणि एक आजीबाई म्हशीच्या शेपटीचे केस घेऊन आल्या, म्हणाल्या, हिचं दूध काहून आटलं ते पाहून सांगा. मी ते डॉक्टरीणबाईंना दाखवले तर त्या हसून हसून खुर्चीतच आडव्या झाल्या.

पण बाकी सगळा मामला हसण्यासारखा नव्हता. आमच्याकडे बाई केस विंचरते, गळलेले केस बोटाला गुंडाळते, तीनदा थू थू करते आणि भिंतीच्या फटीत खुपसते. दुसऱ्याच्या हाती केस लागले की करणी झालीच समजा. त्यात ते नसबंदीच्या धास्तीचे दिवस. सरकारी माणूस दिसला की गडी ज्वारीत लपायचे. कोणीतरी उठवलं की पोरींचे केस नेतात आणि मग त्या पोरींची कूस उजवत नाही. झालं, मंगरूळच्या बाजारातून ही बातमी पोत्यात भरून गावोगाव गेली. मी आमच्याच बौद्धवाड्यात एका काकूंना म्हटलं, अहो, आपण दीक्षा घेतली, करणीबिरणी आपण सोडली ना? त्या म्हणाल्या, आमी सोडली वो बाई, करनारे सोडले काय?

शेवटी तोडगा निघाला. कात्री मी चालवायची नाही. प्रत्येक आईने घरीच, आपल्या हाताने, लेकीच्या मानेवरचे केस कापायचे आणि पुडी आणून द्यायची. डॉक्टरीणबाईंना तो पटला, मलाही पटला, आणि बघता बघता पुड्या यायला लागल्या. आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळं बिघडलं ते तिथेच.

गयाबाई आमच्याच वाड्यातली. नवरा साधा माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. चार एकर कोरडवाहू आणि गयाबाईची जीभ, यावर ते घर चालायचं. मी तिला वहिनी म्हणायची. तिची एकुलती एक लेक प्रमिला, पंधरा-सोळाची. दिसायला मात्र अकरा-बाराची. शाळा सुटली होती तरी पाटीवरची पेन्सिल सुटली नव्हती. लिहायला नव्हे, खायला. चुलीची पोपडी काढून खायची, पहिल्या सरीनंतर भिंत चाटायची. मी हटकलं की लाजून हसायची. केस मात्र पाठीवर लांबसडक, जाड वेणी. गावातल्या बायका म्हणायच्या, सगळं खाल्लेलं केसाले लागलं वाटते.

तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा कारंज्याकडचा, सरकारी नोकरीत. आमच्या वाड्यात नोकरीवाला जावई म्हणजे साऱ्या गोतावळ्याचा उद्धार. मुलाकडच्यांनी पोरीला लांबून बघितलं होतं, जरा बारकी आहे म्हणाले होते. बायकांनी येऊन नीट बघायचं तेवढं राहिलं होतं. वैशाखी पौर्णिमेच्या सुमाराला विहारात लग्न लावायचं, असं दोन्हीकडच्या पुरुषांचं बोलणं झालं होतं. पोरीला अजून न्हाण आलेलं नाही ही गोष्ट गयाबाईने शेजारणीलाही कळू दिली नव्हती. मला माहीत होती, कारण मला असल्या गोष्टी माहीत व्हाव्याच लागतात.

गयाबाईने पुडी आणून दिली ती सगळ्यांच्या आधी. मला कौतुक वाटलं. नागपूरहून तपासणीचा निरोप आला तेव्हा बऱ्याच पोरींचं लोह आणि जस्त तळाला गेलेलं होतं. त्यांना गोळ्या द्यायच्या होत्या, काहींना अकोल्याच्या दवाखान्यात रक्त तपासायला न्यायचं होतं. आणि प्रमिला उत्तम! काही म्हणता काही कमी नाही. गयाबाईने ते गावभर सांगितलं. नागपूरच्या मशीनने माझी पोट्टी तपासली, खोट नाही काढता आली, असं ती विहिरीवर म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. कारंज्यालाही निरोप गेला.

माझ्या जिवाला मात्र तेव्हापासून टोचणी लागली. समोर दिसत होतं ते एक आणि नागपूरचं म्हणणं दुसरं. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, हे जमत नाही, मी पुढच्या फेरीत तिला स्वतः बघते. पण पुढची फेरी कधी, याचा पत्ता नाही. पावसाने रस्ता गेला की एस.टी. महिनाभर आसेगावच्या पुढे यायची नाही.

मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी बायका प्रमिलाला उचलून उपकेंद्रात घेऊन आल्या. वावरातच कोसळली होती. हातपाय गार, ओठ पांढरे. गयाबाई छाती पिटत मागून. मी गयाबाई सोडून बाकीच्या बायकांना बाहेर काढलं, पोरीचं पोलकं सैल केलं आणि मान मोकळी व्हावी म्हणून वेणी बाजूला घ्यायला गेले, तर ती वेणी माझ्या हातात आली. सगळीच्या सगळी. मागे राहिले ते बोटभर लांबीचे, विरळ, भुऱ्या रंगाचे केस, आणि मधून मधून दिसणारी डोक्याची कातडी.

गंगावन होतं. बाईचे केस कमी असले की वेणीत गुंफतात ते खोटे केस. पण इतकं बेमालूम बांधलेलं मी पाहिलं नव्हतं. गयाबाईने आधी दाराला कडी घातली. लेक शुद्धीवर यायच्या आत तिने ते पुन्हा बांधलं आणि मग माझ्यापुढे पदर पसरला. बाहेर बोलू नका, म्हणाली. पोरीचे केस वर्षभरापासून गळत होते. मी विचारलं, मग पुडीत कोणाचे दिले?

“माह्येच हायेत ते,” ती म्हणाली. “लग्न होऊन आली तवा गुडघ्याले लागे वेणी. कोनाच्या हाती पडू नये मनून गळलेले समदे मडक्यात ठेवो. त्याचंच गंगावन करून घेतलं पोट्टीसाठी. तुमी केस मांगले, मी त्यातले देले. तिच्या डोक्यावर हायेतच कुठं द्यायले?”

म्हणजे नागपूरच्या मशीनने तपासली ती गयाबाईची ऐन विशीतली तब्येत. दगड पचवणारी बाई होती ती. मशीनने खोटं काही सांगितलं नव्हतं. लेकीच्या नावावर आईचं शरीर पास झालं होतं, आणि त्याच्या जोरावर पोरीचं लग्न ठरत होतं.

मी गावात बोलणार नाही असा शब्द दिला, पण डॉक्टरीणबाईंना सांगणार हेही सांगितलं. निरोप मिळताच त्या आल्या. प्रमिलाची पापणी खाली ओढून पाहिली, पोट चाचपलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, पोटात जंत, अंगात रक्त नावाला. त्यांनी गयाबाईला समोर बसवून काही न लपवता सांगितलं. हिला आधी अकोल्याला न्या. बरी होईल. पण अशीच सासरी पाठवली आणि पुढेमागे दिवस गेले, तर आई आणि बाळ दोन्ही हातचे जातील. आणि आता तरी तिचे स्वतःचे चिमूटभर केस द्या, मला हिच्यात काय कमी आहे ते कळू द्या.

गयाबाईने केस दिले नाहीत. अकोल्यालाही नेलं नाही. लग्न झाल्यावर नेते, म्हणाली. दवाखान्यात नेलं तर चार गावं विचारणार, आणि नोकरीवाला पोरगा हातचा गेला तर बिना केसाच्या पोट्टीले कोन पुसते? मी समजावलं, भांडले, तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन बोलले. तो बिचारा वर आभाळाकडे बघत राहिला. मी लोहाच्या गोळ्या नेऊन दिल्या, प्रमिलाला समोर उभं करून गिळायला लावायची. पण ती भिंतही खातच होती. रोज सकाळी मी दार उघडलं की आधी बौद्धवाड्याच्या बाजूला कान द्यायची, रडणं ऐकू येतं का म्हणून. शब्द मोडून गावात सांगावं तर पोरीची जन्माची नाचक्की, आणि गप्प बसावं तर तिचा जीव. आड आणि विहीर यांच्यामध्ये मी उभी होते.

मग एके दिवशी कारंज्याच्या बायका आल्या. मुलाची आई, आत्या आणि एक म्हातारी. गयाबाईने मला मुद्दाम बोलावणं धाडलं. मी जायला नको होतं असं वाटत वाटत गेले. घर सारवलेलं, बायकांसाठी सतरंजी, प्रमिलाला पांढरं लुगडं नेसवून मधोमध उभी केलेली. चालून दाखव झालं, भाकरी येते का झालं. मुलाची आई बोलायला सौम्य होती, पण नजर बारीक. ती म्हणाली, पोरगी फारच नाजूक दिसते, काही दुखणं तर नाही? गयाबाईने लगेच नागपूरचं सांगितलं आणि माझ्याकडे हात केला. विचारा आमच्या नर्सबाईले, म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हो म्हणायला जीभ उचलेना, नाही म्हणायलाही उचलेना. मी गयाबाईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती, आणि तीच मला जास्त भारी पडली. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, “वेनी सोडून दाखव वो पोरी.”

प्रमिलाचा एक हात मानेकडे गेला आणि तिथेच राहिला. ती डुलते आहे हे मला दिसलं, मी उठायच्या आत गयाबाई उठली. तिने लेकीला छातीशी धरलं. आता ही काहीतरी सबब सांगणार असं मला वाटलं. तिने लेकीच्या मानेमागे हात घातला, गाठ सोडली आणि वेणी काढून सतरंजीवर ठेवली.

“हे केस माह्ये हायेत,” ती म्हणाली. “नागपूरले तपासले तेबी माह्येच. माही पोट्टी दुखनाईत हाय. तिले अजून न्हान नाई. मी तिले अकोल्याले नेऊन राह्यली. तुमाले थांबता आलं तर थांबा, नाई तर मी काय मनू?”

मुलाच्या आईने वेणीकडे एकदा बघितलं. मग चहाची बशी खाली ठेवून उठली. दारात थांबून प्रमिलाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, हिला नीट करा, बाई. पण थांबते असं काही म्हणाली नाही. एस.टी.चा हॉर्न ऐकू आला आणि त्या गेल्या. महिन्याभरात त्या मुलाचं दुसरीकडे जमलं. पाहुण्या गेल्या त्या दिवशी गयाबाईचा नवरा पहिल्यांदा आपणहून उठला आणि लेकीला दूध आणायला गेला.

पाहुण्या गेल्या तशी गयाबाईने माझ्यापुढे हात केला. कात्री द्या, म्हणाली. मी दिली. तिने प्रमिलाची मान मांडीवर घेतली आणि मुळाजवळून केस कापले, होते त्यातलेही जरा जास्तच. कागदात बांधले. पुडी माझ्या हातात द्यायच्या आधी तोंडाजवळ नेऊन तीनदा थू थू केलं. नागपूरचे लोक केस धुऊन घेतात हे मला माहीत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. ती पुडी मी पिशवीत न टाकता पोलक्यात ठेवून मंगरूळपर्यंत नेली.

त्या पुडीतल्या केसांत जस्त आणि लोह दोन्ही जवळजवळ नव्हतीच. अकोल्याला जंत पाडले, गोळ्या दिल्या, जस्ताचं औषध दिलं, अंडी आणि गुळ-शेंगदाणे खायला सांगितले. सुधारणा लगेच झाली नाही. मधे एकदा पोरीला ताप भरला आणि गयाबाई माझ्या अंगणात बसून राहिली, शिव्याही देईना आणि उठेनाही. पण पावसाळ्याच्या शेवटी प्रमिलाने पेन्सिल खाणं सोडलं. मग उंची वाढली. मग एक दिवस गयाबाई माझ्याकडे धावत आली आणि कानात एवढंच सांगितलं की पोरगी कोपऱ्यात बसली आहे. आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसून रडलो, आणि न्हाण आलं म्हणून रडणाऱ्या बायका बघून रस्त्याने जाणाऱ्याला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र मला अजून छळते. डॉक्टरीणबाईंनी आमच्या गावाच्या सगळ्या पुड्या रद्द केल्या. कोणी आपले केस दिले असतील, कोणी सासूचे, कोणी भिंतीच्या फटीतले. उत्तम निघालेल्या आणखी पोरी होत्या. त्यांच्या दारात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दोघीतिघींची लग्नं होऊन गेली होती, दूर, कळंब-दिग्रसकडे. त्यांचं काय झालं मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. पुढे कोणतीही तपासणी आली तरी मी कागदाआधी पोरगी बघायची, एवढी एक सवय मला त्या पोरींनी लावली.

प्रमिलाचं लग्न पुढे चार उन्हाळ्यांनी झालं. मुलगा मास्तर, पाहुण्यांना सगळं आधी सांगून. विहारात ती उभी राहिली तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती, स्वतःची. गयाबाई तोवर थकली होती. काळजीने म्हणा, उन्हातान्हात राबून म्हणा, डोक्यावरचे केस विरळ झालेले. पण लग्नात बघते तर तिच्या पाठीवर काळीभोर जाड वेणी. मी ओळखली. जवळ जाऊन हळूच म्हटलं, वहिनी, या वयात गंगावन? लोक खोटे केस म्हणतील.

ती हसली नाही की लाजली नाही. वेणी पुढे घेऊन तिने हातात धरली.

“खोटे कायले मनतीन?” ती म्हणाली. “माह्येच हायेत. पोट्टीले उसने देले होते.”